चौथा कशाला?

ऑक्टोबरचं ऊन आज सकाळी गॅलरीत उतरलं आणि मी पलंगाखालची पत्र्याची पेटी बाहेर ओढली. घाटकोपरच्या आमच्या हौसिंग बोर्डाच्या चाळीत या आठवड्यात दारादारापुढे अशा पेट्या उघड्या पडतात. पावसाने चार महिने कपड्यांच्या घड्यांत भरून ठेवलेला कुबट वास एका दुपारीत उडवून लावणारं हे ऊन. अंग भाजतं, डोकं चढतं, लोक वैतागतात. मला मात्र वर्षातलं हेच ऊन सगळ्यात आवडतं. ते नुसतं बघायला देखणं नसतं, कामाला आलेलं असतं.

माझं काम पाच मिनिटांत आटपतं. दोरीवर माझ्या वाट्याला दोन हात जागा येते आणि त्यातलीही थोडी उरते. शेजारच्या सावंतकाकींच्या साड्या तिन्ही दोऱ्या भरून कठड्यावर येतात, तिथून खालच्या मजल्यावरच्या लोकांच्या तक्रारींपर्यंत लोंबतात. काकी दर वर्षी तोच प्रश्न विचारतात.

"झालं तुझं? एवढंच?"

"एवढंच."

"आणि लग्नात काय घालशील गं?"

"आहे त्यातलंच."

"वाट लागली म्हणायची नवऱ्याची."

"उलट काकी, त्याला अख्खं कपाट मोकळं मिळेल."

काकी हसतात, आणि माझ्या उरलेल्या जागेवर आपली एक साडी टाकतात.

चार कपडे आहेत माझे. एक निळा, एक विटकरी, एक करडा, एक पांढरा. चारही सुती कुडते, गुडघ्याच्या खाली येणारे, दोन्ही बाजूंना खिसे असलेले. खाली घालायच्या सलवारी मी मोजत नाही, कारण त्या मोजल्या तर माझं तत्त्व अडचणीत येतं. सकाळी उठून आज काय घालू, हा प्रश्न मला गेल्या कित्येक वर्षांत पडलेला नाही. जो वाळलाय तो. तेवढ्या वेळात मी एक परिच्छेद लिहिते. अशा उरलेल्या वेळांतून माझी अर्धी वही भरली आहे, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

पण आज पेटी उपसताना तळाचा कागद हाताला लागला. पिवळा पडलेला, कडा विरलेला. त्यावरचा मथळा मी न वाचताही सांगू शकते. तो माझाच आहे. आणि त्याच्याबरोबर ते सगळे दिवस पुन्हा उन्हात आले. त्या वर्षीचा आश्विन.

*

मी अठरा वर्षांची होते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. माझी आई मी लहान असतानाच गेली. घरात दादा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. दादा कुर्ल्याच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून ओळीत बसवायचं, ओळींचं पान करायचं, हे त्यांचं काम. छापताना बिघडलेले कागद ते घरी आणत. आमच्या फडताळात, डब्यांखाली, वह्यांच्या कव्हरांना, पेटीच्या तळाला, सगळीकडे पत्रकं. शाळेत घालायच्या आधीच मी अक्षरं शिकले ती त्यांवरून. पहिले दोन शब्द मी स्वतःहून वाचले ते 'जाहीर निषेध'. दादा ते आल्यागेल्याला सांगायचे. जाहीर आवाहन, आमच्या मागण्या, बंधू-भगिनींनो. आमच्या घरातली वाक्यं नेहमी उभी असायची, मूठ वळलेली. बसून बोलणारी वाक्यं मी पहिल्यांदा वाचली ती कॉलेजात आल्यावर.

साहजिकच मीही पत्रकं लिहायला लागले. पाणी दोन तास येतं म्हणून. कॉलेजातल्या मुलींच्या खोलीला कडी नाही म्हणून. आणि त्या वर्षी, कपड्यांवर.

कारण त्या वर्षी कपड्यांनी मला गाठलं होतं. चाळीत कुणाकडे तरी रंगीत टीव्ही आला होता आणि त्यात सुटिंग-शर्टिंग घातलेले लोक समुद्रकिनाऱ्यावरून सावकाश चालत असत. कॉलेजात मुली पिनेला रिबीन, रिबिनीला चप्पल असं जुळवून यायच्या. आणि इकडे लालबाग-परळच्या गिरण्यांचे भोंगे बंद पडलेले. त्या गिरण्यांत माग चालवलेले दोन जण आमच्याच मजल्यावर रिकाम्या हातांनी कठड्याला टेकून उभे असायचे. कापड विणणाऱ्यांचे हात रिकामे आणि दुकानं कापडाने ओसंडलेली. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. माझं डोकं आपोआप पेटायचं.

शिवाय आत्या होती. ती अंधेरीला, परदेशात कपडे पाठवणाऱ्या एका कारखान्यात धागे कापायची. शिवून आलेल्या शर्टावर जिथे जिथे दोऱ्याचं टोक उरलं असेल, तिथे तिथे बारक्या कात्रीने ते कापायचं. दिवसभर शेकडो शर्ट तिच्या मांडीवरून जायचे, कुठल्या कुठल्या देशांत. तिच्या स्वतःच्या साड्या तीन. ती त्या शर्टांच्या गोष्टी घरी येऊन सांगायची, जणू पाहुणे भेटून गेले. "आज निळं आलं हुतं. असं मऊ, लोण्यावानी. कालरीला आतनं दुसरं कापाड. कुणाच्या नशिबात हाय कुणाला ठावं." मी ऐकायची आणि दातओठ खायची.

मुलुंडची अनघा माझी कॉलेजातली मैत्रीण. तिच्या घरी दोन कपाटं आणि तिच्या अंगावर कायम खादी. एकदा जिन्याखाली बसून आम्ही हिशेब मांडला की माणसाला खरोखर कपडे लागतात किती. अनघा म्हणाली पाच. मी म्हणाले तीन. ती म्हणाली, "तीन कसे पुरतील यार?" आणि मी उभी राहून बोटांवर मोजत सांगितलं, एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत. बोलता बोलताच मला ते वाक्य ऐकू आलं. मी तिथेच वही काढली. मथळा झाला होता:

एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत. चौथा कशाला?

पुढचं पत्रक एका बैठकीत उतरलं. हात थांबेना. वर्षभर अंगाला न लागलेला कपडा तुमचा नाही, तो तुम्ही अडवून ठेवलेला आहे. कपाट ही कापडाची कोठडी आहे. असं बरंच. आणि शेवटी, मुठी वळून, तीन ओळी:

नवे शिवू नका.
जुने द्या, जुने घ्या, अदलाबदल करा.
अंगावरचा कपडा आधी कोणाचा होता, याची लाज बाळगू नका.

अनघाने वाचलं आणि नुसती "झकास" म्हणाली. दादांनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मथळा चांगला आहे. छत्तीस पॉइंटात घेऊ, मोठ्या खिळ्यात." शेवटच्या तीन ओळींवर ते जरा घुटमळले होते असं मला आता वाटतं. तेव्हा दिसलं नाही. दसऱ्याला, म्हणजे आमच्याकडच्या धम्माच्या दिवशी, वसाहतीतल्या बुद्धविहारात सगळे जमतात. तिथे वाटायचं ठरलं. दोन आठवडे हातात होते.

*

उपदेश करायच्या आधी आपण करून दाखवायचं, एवढं भान मला होतं. तीन सुती कुडते बाजूला ठेवून मी पेटी रिकामी केली. झालरीचा नायलॉनचा झगा, मिडी, चकाकणारी ओढणी, दोन पंजाबी ड्रेस, कुणाच्या तरी लग्नातली जॉर्जेटची साडी. एकेक काढून पलंगावर फेकताना जी मजा येत होती ती मी विसरलेले नाही. जणू मी एकेक पाहुणा घराबाहेर काढत होते आणि घर मोठं होत होतं. आत्या दारात बसून तांदूळ निवडत बघत होती.

"आन् गावाला जाताना काय घालशील?"

"हेच."

"फाटलं तर?"

"शिवीन."

"तुला शिवता येतं व्हय?"

"तू शिवशील."

"मंग मलाबी धर की तुझ्या तिनात," ती म्हणाली आणि खूप वेळ हसत राहिली.

म्हणजे कमी कपड्यांना तिचा विरोध नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

पलंगावरचा ढीग मी पिशवीत भरून अनघाकडे नेला. तिच्या ओळखीच्या बायका जुने कपडे गोळा करून वाटायच्या. आणि आमच्याच पत्रकाला जागून, माझ्या तिनातला एक घेऊन अनघाने मला तिचा एक कुडता दिला. विटकरी, खादीचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. मी तिच्याच घरी तो अंगावर चढवला. बाही थोडी लांब होती ती दुमडली. येताना बसमध्ये मी खिडकीशी बसले होते, वारा त्या बाह्यांत शिरत होता आणि मला वाटत होतं की मी स्वतःच चालतंबोलतं पत्रक झाले आहे.

आत्या कामावरून आली तेव्हा मी आरशासमोर होते. तिची एक सवय होती. कुणाच्याही अंगावर कपडा दिसला की तिची बोटं आधी कॉलरकडे जायची. धागा राहिलाय का बघायला. रोज सकाळी मी निघताना ती मागून येऊन माझी कॉलर उलटायची, नसलेला धागाही काढायची आणि म्हणायची, "हं, जा." त्या संध्याकाळीही तिने मागून येऊन कॉलर उलटली. आणि बोटं थांबली.

"ह्ये काय हाय?"

"काय?"

"ह्ये काळं. दोन रेघा आन् टिंब. पक्की शाई हाय."

"ती धोब्याची खूण आहे गं. त्यांच्याकडे धोबी येतो ना, कपडे मिसळू नयेत म्हणून..."

माझं बोलणं माझ्याच कानांना ऐकू आलं. आमच्या घरात धोबी कधी आला नव्हता.

"कुणाचं हाय ह्ये?"

"अनघाचं. अदलाबदल केली. तिला होत नव्हता असं नाही, पण..."

"उतरलेलं घातलंस."

ती ओरडली नाही. तिने कॉलर पुन्हा नीट खाली बसवली, जशी एखाद्या परक्याची बसवावी, आणि मोरीत जाऊन हात धुतले. हात धुतल्याचा तो आवाज मी अजून ऐकू शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. ती चुलीशी होती. मी दारात थोडी रेंगाळले. ती आली नाही. तिसऱ्या दिवशी मी माझा स्वतःचा निळा घातला, मुद्दाम खांद्यावर एक लांब पांढरा दोरा ठेवला आणि तिच्यासमोरून दोनदा गेले. तिने तो बघितला. मला दिसलं की बघितला. पण हात उचलला नाही. तो दोरा मी कॉलेजपर्यंत तसाच नेला.

आम्ही बोलत होतो, तसं. मीठ दे, पाणी आलं, दादांना सांग. पण माझ्या कपड्याला ती हात लावत नव्हती. ज्या बाईने मला तीन वर्षांची असल्यापासून घातलं-नेसवलं तिने. आणि त्याच दिवसांत कुर्ल्याला दादा तिच्या नकळत ओळीमागून ओळ जुळवत होते की अंगावरचा कपडा आधी कोणाचा होता याची लाज बाळगू नका. दसरा जवळ येत होता. ते पत्रक विहारात पहिल्या ओळीत बसणाऱ्या बायकांच्या हातात पडणार होतं, आणि त्या बायकांत आत्या असणार होती. तिला वाचता येत नव्हतं. शेजारची कुणीतरी वाचून दाखवणार होती.

*

शनिवारी तिला सुट्टी होती. तिने गॅलरीत गोधड्या उन्हात घातल्या होत्या. आमच्या घरातला एकही जुना कपडा कधी बोहारणीला गेला नाही. चाळीतल्या बाकी बायका पँटी-साड्या देऊन स्टीलचे डबे घ्यायच्या. आत्या कपडा विरला की फाडायची, त्याची गोधडी करायची, गोधडी विरली की फडकं, आणि फडकं विरलं की चूल. मला ते काटकसरीचं लक्षण वाटायचं.

मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि रागानेच म्हणाले, "माझं काय चुकलं ते एकदा सांग तरी."

ती गोधडीवर काठी मारत होती. मारत राहिली.

"आमच्या गावाला," ती म्हणाली, "मड्यावरचं कापाड आमचं असायचं. वरच्या आळीत कुणी मेलं की घाटावर जायाचं, ते कापाड उतरून आणायचं. तेच आईला, तेच आम्हांला. दुसरं मंजी पाटलिणीचं जुनेर. रंग आपला न्हाय, माप आपलं न्हाय. सहा वर्साची हुते मी. मला एक हिरवं मिळालं हुतं. लई आवडायचं. शाळेच्या पडवीत बसले हुते तर एक पोरगी म्हणली, ही माझ्या म्हातारीच्या अंगावरचं घालून बसलीय. जी वारली, ती."

काठी थांबली.

"मंग एक साल सगळ्या वस्तीनं ठरवलं. कापाड आणायचं न्हाय. कुणाचं उतरलेलं घालायचं न्हाय. कुणी सभेला जाऊन आलं हुतं. बापानं घरातलं हुतं न्हवतं ते सगळं इहिरीच्या कडंला नेऊन पेटवलं. माझं हिरवंबी. लई रडले. त्या हिवाळ्यात घरात माणशी एक कापाड ऱ्हायलं. एकच. तू तीन म्हणतीस. आम्ही एकावर काढला हिवाळा, संधे. पर ते आमचं हुतं. बाजारातनं मोल देऊन आणलेलं, कोरं."

पत्रकांवर वाढलेली मी. निषेध या शब्दावर मला वाटत होतं माझाच हक्क आहे.

"कमी ठेव की," ती म्हणाली. "म्या कुठं न्हाय म्हणते. पर आपल्या मापाचं ठेव." मग तिने घरातल्या भिंतीकडे मान केली, तिथला कोट-टायमधल्या साहेबांचा फोटो गॅलरीतूनही दिसायचा. "त्या कोटाला बटनं किती हायती, मोजलीस कधी? म्या मोजल्यात. एक बी ढिलं न्हाय."

मी म्हणाले, "आणि मी माझे कपडे दिले ते? तेही चूक?"

"जे आपुन घेत न्हाय, ते दुसऱ्याला कशापायी द्यायचं?"

गोधडीतून उडालेली धूळ उन्हात तरंगत होती. मी त्या गोधडीकडे पाहिलं. त्यात माझे सगळे जुने फ्रॉक होते, दादांचे शर्ट, आत्याची लुगडी. म्हणजे माझ्या त्या पिशवीपर्यंत त्या घरातून एकही कपडा बाहेर गेला नव्हता आणि एकही आत आला नव्हता. सगळे आमचेच.

*

रविवारी दुपारी मी कुर्ल्याच्या छापखान्यात गेले. सुट्टीच्या दिवशी मालक दादांना स्वतःचं काम करू द्यायचे. आत शाईचा आणि रॉकेलचा वास, बाहेर ऊन. टेबलावरच्या दगडी फरशीवर माझं पत्रक बांधून ठेवलेलं होतं, उलट्या अक्षरांचं, दोरीने करकचून आवळलेलं. खिळ्यांवरचं उलटं वाचणं मी लहानपणीच शिकले होते. शेवटच्या तीन ओळी मी वाचल्या. शिशात त्या जास्तच जड वाटत होत्या.

"दादा, हे सोडता येईल?"

"येईल की." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. दोरी सैल केली आणि चिमटा माझ्या हातात दिला. "तूच काढ."

एकेक अक्षर मी उपसून काढलं. स्वतःचं वाक्य खोडणं सोपं असतं, एक रेघ मारली की झालं. इथे मला प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी बोटांत धरावी लागत होती आणि परत तिच्या खणात ठेवावी लागत होती. 'लाज' हा शब्द काढताना बोटं काळी झाली होती.

"तुम्हाला आधीच माहीत होतं ना?" मी विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"मी खिळे जुळवतो. चाळीस जणांची पत्रकं जुळवली, कुणाला म्हणालो नाही की हे चूक आहे. तुला म्हणालो असतो तर तू ऐकलं असतंस का?"

"नाही."

"मग."

तीन ओळींची जागा रिकामी झाली होती. दादांनी विचारलं, काय भरू? मी, जिला वाक्य कधी कमी पडलं नव्हतं, नुसती बघत राहिले. मग आत्याचंच वाक्य सांगितलं. कमी ठेवा, पण आपल्या मापाचं ठेवा. एवढीच ओळ. बाकीच्या दोन ओळींची जागा मोकळी राहत होती, तिथे मी आणखी काही सुचवू लागले, तर दादा म्हणाले, "राहू दे कोरी. वाचणाऱ्याला श्वास घ्यायला लागते जागा."

सोमवारी मी माझा कुडता मागून घेतला आणि अनघाचा तिला परत दिला. धुऊन, घडी करून.

"अगं, मी धुऊनच दिला होता तुला," ती म्हणाली.

"माहितीये."

"मग काय झालं?"

मी सांगितलं. मोडकंतोडकं. हिरव्या कापडाचंही सांगितलं. ती कुडता मांडीवर घेऊन बसली, कॉलर उलटून त्या दोन रेघांकडे बघत.

"मला माहीत नव्हतं गं."

"मलाही नव्हतं," मी म्हणाले. ते खरं होतं, आणि तिच्यापेक्षा मलाच ते जास्त लागलं.

*

घरी येऊन आत्याला पत्रक वाचून दाखवलं. पूर्ण, मथळ्यापासून. तिचं वाक्य आलं तेव्हा तिने वर पाहिलं. मग विचारलं, "पयलं काय म्हणलीस? परत वाच."

"एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत. चौथा कशाला?"

"चौथा पांढरा," ती म्हणाली. जणू मी तिलाच विचारत होते.

त्या संध्याकाळी ती मला बाजारात घेऊन गेली. ऑक्टोबरच्या संध्याकाळी घाटकोपरच्या बाजारात कापडाच्या दुकानांतून जो कोऱ्या मांजरपाटाचा वास येतो, खळीचा, तो आला की माझं काळीज अजूनही उडी मारतं. तिने सात ताग्यांना हात लावला. उजेडाकडे धरून वीण बघितली, चिमटीत चुरगाळून सोडलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, घेणार की नुसतं बघणार?" ती म्हणाली, "दिवसभर बघतेच की. आज घेणार." आठवं कापड तिला पसंत पडलं. पांढरं, घट्ट, ओल्या तांदळासारखं.

शिंप्याने माझ्या खांद्यावर फीत ठेवली आणि सवयीने म्हणाला, "वाढत्या अंगाचं ठेवू ना?"

आमच्यासारख्या घरांतली मुलं त्या दोन शब्दांत वाढतात. वाढत्या अंगाचं. बाही बोटांवर येणारी, कंबर घसरणारी, आज नाही तर पुढच्या वर्षी होईल. अठरा वर्षांत माझा एकही कपडा त्या दिवशीच्या मला झाला नव्हता. सगळे कुठल्यातरी पुढच्या संध्यासाठी शिवलेले होते.

"न्हाय," आत्या म्हणाली. "आत्ता हाय तिच्या मापाचं."

फीत माझ्या छातीवरून, दंडावरून, मनगटावरून फिरली. शिंपी आकडे पुटपुटत होता. मी ताठ उभी होते आणि मला हसू फुटत होतं, कारण नसताना.

दसऱ्याच्या सकाळी तो कुडता माझ्या हातात आला तेव्हा नीळ आणि खळ होऊन कडक झाला होता. अंगात घालताना कागदासारखा वाजला. मी निघाले. दारात थांबले, आता सवयीने नाही, भीतीने. मागून पावलं आली. बोटं कॉलरला लागली. कॉलर उलटली, एक धागा काढला, खरंच होता की नाही कुणास ठाऊक.

"हं," आत्या म्हणाली. "जा."

विहारात सगळी वसाहत पांढरी झाली होती. मी पत्रकं वाटली. बायका वाचून आपापसांत बोलत होत्या, एकजण म्हणाली, "चौथा कशाला म्हणतेस आणि चौथाच घालून आलीस की गं." मी म्हणाले, "पुढे वाचा." कोऱ्या जागेबद्दल तिघींनी विचारलं, इथलं छापायचं राहिलं का. मी नाही म्हणाले. राहिलेलं नाही.

*

आता मी एका साप्ताहिकात मुद्रितं तपासते आणि उरलेल्या वेळात भांडते. लेखांतून, सभांतून, कधी सावंतकाकींशीही. साधेपणावर बोलायला मला अजूनही बोलावतात. पूर्वी मी त्यागाबद्दल बोलायची, आता तो शब्द वापरत नाही. ज्याच्याकडे होतं त्याने सोडलं, ही एक गोष्ट. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनीही एक दिवस विहिरीच्या कडेला काहीतरी सोडून दिलं, ही दुसरी. माझी पेटी हलकी आहे ती त्या दुसऱ्या गोष्टीमुळे. तिच्यात मी निवडलेलं आहे तेवढंच आहे. एवढं सुख कमी कपड्यांत असतं हे मला त्या ऑक्टोबरपर्यंत ठाऊक नव्हतं.

मधल्या काळात निळे, विटकरी, करडे विरले, त्यांच्या गोधड्या झाल्या, नवे शिवले. पांढरा मात्र तोच आहे. वर्षातून एकदाच अंगावर येतो म्हणून टिकला, आणि मी वाढत्या अंगाची उरले नाही म्हणून अजून होतो.

त्याच्या कॉलरच्या आत, मानेला लागतो तिथे, लाल दोऱ्याने एक अक्षर शिवलेलं आहे. त्या दसऱ्याला रात्री घडी करताना मला ते पहिल्यांदा दिसलं होतं. शिंप्याकडून कुडता आल्यावर आत्याने गुपचूप बसून ते घातलं होतं. तिला अक्षर येत नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं. दादांच्या शर्टाच्या खिशात कुठल्यातरी मथळ्याचा एक मोठा खिळा राहिला होता, धुताना तिच्या हाती लागला. दादांना तिने एवढंच विचारलं होतं, ह्ये आपल्या संधेच्या नावाचं हाय का? त्यांनी पाहिलं, हो म्हणाले. 'स' होता तो. तिने खिळ्यावर बघून, जसा दिसला तसा, टाका टाका घालून शिवला. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, हे तिला कोण सांगणार.

आज उन्हात कॉलर उलटून मी तो बघत होते. आत्या आता कारखान्यात जात नाही, दारात खुर्चीवर बसून असते. "धागा निघालाय का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "पक्का आहे."

आजवर तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. दादांनी मला खिळ्यांबद्दल पहिली गोष्ट शिकवली होती ती अजून लक्षात आहे. खिळा उलटा असतो तो छापून सरळ यावा म्हणून. परवा दसरा आहे. ऊन असंच राहील, विहारात गर्दी होईल, मानेला घाम येईल आणि कॉलर आतून अंगाला चिकटेल. तिथे माझ्या कातड्यावर तो 'स' सरळच उमटत असणार.